ठसका

मंचावरच्या कढईत लाल मिरच्या पडल्या आणि माझा हात सवयीने ओढणीकडे गेला. कढई आमच्यापासून साठ-सत्तर फूट तरी लांब असेल, पण मागच्या पडद्यावर ती एवढी मोठी दिसत होती की तिच्यात आमचं अख्खं स्वयंपाकघर मावलं असतं. तेलात पडल्या पडल्या मिरच्या टम्म फुगल्या, त्यांच्या कडा काळपट झाल्या, निळसर धूर वर चढला. सभागृहात सात-आठशे माणसं होती. कुणीही खोकलं नाही. कुणाचे डोळे चुरचुरले नाहीत, कुणी 'अगं, पंखा लाव' म्हणून ओरडलं नाही. एसीचा तोच गार, बंद खोलीचा वास येत राहिला. शेजारच्या खुर्चीत पाय दुमडून बसलेल्या लेकीने माझ्याकडे पाहिलं, मी नाकाशी धरलेल्या ओढणीकडे पाहिलं, आणि कानाशी तोंड आणून विचारलं, "आई, इथे ठसका का नाही लागत?"

"लांब आहोत ना आपण," असं काहीतरी मी पुटपुटले. तिचं तेवढ्यावर भागलं असावं, ती परत पडद्याकडे वळली. माझं भागलं नाही. २०२४ च्या डिसेंबरातली ही गोष्ट, आणि तिचा तो प्रश्न अजून माझ्या मागे आहे. रोज संध्याकाळी वरणाला फोडणी घालताना आठवतो.

त्या कार्यक्रमाला तिला न्यावं की नाही, यावर मी आधी बरेच दिवस घोळत होते. शेफ टीव्हीवरून घराघरांत पोचलेले, शहरात त्यांचा पहिलाच असा तिकीट लावून कार्यक्रम, आणि वर्गातल्या दोन मैत्रिणी जाणार म्हटल्यावर घरात दुसरा विषय नव्हता. मी आयोजकांना फोन केला. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला आणलं तर चालेल का? पलीकडचा मुलगा अगदी अदबीने बोलला. "आणा ना मॅडम, काहीच प्रॉब्लेम नाही. पाचच्या वर फुल तिकीट आहे. आणि स्क्रीन खूप मोठी लावतोय, मागून पण एकदम क्लिअर दिसेल." मी थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि मग वाटलं, मी जे विचारलं त्याचं हे उत्तर आहे का? पण मला नेमकं काय विचारायचं होतं ते मला तरी कुठे माहीत होतं. कार्यक्रम किती वाजता संपतो, आवाज फार मोठा असतो का, सुऱ्या, आग, दारू, असलं सगळं डोक्यात येऊन गेलं. माझी जाऊ म्हणाली, "टीव्हीवर तर रोजच बघते ती हे सगळं." माझे वडील हिवाळ्यात आमच्याकडे असतात, ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, रांधणंच तर आहे. पोरांना न दाखवण्यासारखं त्यात काय?"

रांधणंच तर आहे, हे खरं. आणि आमचं नागपूर रांधणं बघायला गर्दी करणारं शहर. लेक आठ महिन्यांची होती तेव्हा, २१ एप्रिल २०१७ च्या सकाळी आठ वाजता, विष्णू मनोहर यांनी इथे रांधायला सुरुवात केली आणि २३ तारखेला दुपारी एकला थांबले. ५३ तास. आधीचा विक्रम ४० तासांचा होता. पुढे २०१९ मध्ये मध्य प्रदेशातल्या रेव्याच्या लता टंडन ८७ तास ४५ मिनिटं उभ्या राहिल्या, २०२३ मध्ये नायजेरियातल्या लागोसला हिल्डा बासी ९३ तास ११ मिनिटं. या विक्रमांना गिनेसवाले तासाला पाच मिनिटांची विश्रांती देतात, ती साठवून ठेवता येते, बाकी सगळा वेळ हात चालू हवा. मला ते आकडे पाठ आहेत याचं कारण ती एप्रिलची रात्र. लेकीला दात येत होते, रात्रीतून चारदा उठायची. अडीच-तीनला मी तिला मांडीवर घेऊन कूलरसमोर बसले होते, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, बाहेर अंगणातली फरशी त्या वेळीसुद्धा गरम. आणि डोक्यात सारखं येत होतं की याच शहरात आत्ता आणखी एक माणूस जागा आहे, आणि त्याच्यासमोर कढई तापलेली आहे. का कोण जाणे, पण त्या रात्री मला त्याची सोबत वाटली होती. वडील दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आले. मला म्हणाले, "माणूस उभा कसा राहतो एवढा वेळ, तेच पाहत राहिलो."

त्यानंतरच्या वर्षी, २०१८ च्या ऑक्टोबरात, मनोहरांनीच चिटणवीस सेंटरच्या आवारात ३००० किलो खिचडी शिजवली. आदल्या वर्षी दिल्लीत संजीव कपूर यांच्या देखरेखीखाली ९१८ किलोंची झाली होती, तिच्या तिपटीहून जास्त. लेक तेव्हा दोन वर्षांची, कडेवरून उतरायची नाही आणि कडेवर राहायची पण नाही. तेव्हा मला ठरवायला एक मिनिट लागलं नाही. एवढी गर्दी, एवढी मोठी कढई, आणि हातातून निसटणारं पोर, नाही म्हणजे नाही. वडील गेले आणि द्रोणात खिचडी घेऊन आले. गार झालेली. लेकीने ती दोन्ही हातांनी खाल्ली, केसांना लावली. मोठं होईपर्यंत हेच पुरेसं आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आठव्या वर्षी मात्र तसं एका मिनिटात ठरत नाही.

माझ्या मनात रांधण्याचा पहिला मोठा खेळ आहे तो आत्याच्या लग्नातला. काटोलकडचं गाव, संत्र्यांच्या बागा, मे महिना. मी सात-आठ वर्षांचीच असेन. घरामागच्या वावरात जमिनीत लांब चर खणून चूल केली होती, तिच्यावर एका ओळीत चार कढया, शेजारी पाण्याचे ड्रम. आचाऱ्यांना सगळं गाव महाराज म्हणायचं. उघडे, घामाने चमकणारे, कमरेला पंचा, कानात विडी. आम्ही पोरं सकाळपासून तिथेच. आत मंडपात काय चाललंय याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. महाराजांनी आल्या आल्या पहिलं काम केलं ते हे, की कालच्या चुलीतली राख घमेल्यात घेतली आणि चुलीभोवती आठ-दहा फुटांवर तिची पांढरी रेघ ओढली. "या रेघेच्या आत पोट्टं दिसलं तं मंग पाहा." तेवढंच. ओरडणं नाही, हाकलणं नाही. आम्ही त्या रेघेवर पायाचे अंगठे टेकवून दिवसभर उभे राहिलो. तिथून सगळं दिसायचं. बुंदी पाडताना झाऱ्यावर हात कसा आपटतो, तो आपटल्यावर तेलात पिवळे थेंब कसे एकदम गोल होतात. चुलीची धग गालांवर लागायची, इतकी की मधूनच मागे सरून गाल गार करून यावे लागायचे. आणि वांग्याच्या भाजीच्या फोडणीची वेळ झाली की महाराज भिवापुरी मिरच्यांची परात उचलायचे आणि मोठ्याने हाळी द्यायचे, "डोये मिटा रे पोट्टेहो, मिरची चालली!" आम्ही सगळी डोळे गच्च मिटून, फ्रॉक नाकावर ओढून उभी. तरी ठसका लागायचाच. वीस पोरं एकदम खोकायची आणि खोकता खोकता हसायची. महाराजही खोकायचे.

त्या दिवशी संध्याकाळी माझा एक चुलतभाऊ रेघ ओलांडून आत गेला. चेंडू गेला होता त्याचा. कुणीतरी कढीचं भांडं उचलून नेत होतं, ते हिंदकळलं, कढी त्याच्या पावलावर आली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. बायका धावल्या, कुणी म्हणालं शाई आणा, कुणी बटाटा किसा. महाराजांनी कुणाचंही ऐकलं नाही. त्याला उचललं, विहिरीच्या पाटाच्या पाण्यात पाय धरला आणि किती तरी वेळ तसाच धरून बसले. लग्न लागलं, अक्षता पडल्या, तरी ते तिथेच. पुढे मोठेपणी डॉक्टर मैत्रिणीकडून कळलं की भाजल्यावर पहिली गोष्ट हीच, वीस मिनिटं वाहतं गार पाणी, दुसरं काही लावायचं नाही. भावाच्या पावलावर आता फक्त एक गुळगुळीत, फिकट डाग आहे. तो आज स्वतः उत्तम स्वयंपाक करतो. मला मात्र कढी उकळायला लागली की अजूनही एकदा मागे वळून बघावं लागतं, कुणी पायात तर नाही ना.

हे सगळं मनात घेऊन मी त्या गार सभागृहात बसले होते. कार्यक्रम वाईट होता असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यातला एक भाग तर मी कधी विसरणार नाही. शेफनी कढईत कांदा टाकला, सगळे दिवे मंद केले आणि एक माइक कढईच्या अगदी काठाशी नेला. "आता बघू नका, ऐका," म्हणाले. सभागृहभर आवाज पसरला, पावसासारखा, ओला, भरलेला. कांद्यात पाणी खूप असतं, ते उडून जाताना असा आवाज येतो, असं त्यांनी सांगितलं. पाच-सहा मिनिटं सगळे गप्प. मग हळूहळू तो आवाज पातळ झाला, त्यात तडतड आली, सुटी सुटी, कोरडी. "आता पाणी संपलं. आता तो तेलात आहे. आता रंग चढेल," असं ते म्हणाले, आणि दिवे लागले तेव्हा कांदा खरोखर गुलाबी होऊ लागला होता. माझ्या आईला हे कानाने कळायचं. ती देवघरात जप करता करता तिथूनच सांगायची, "कांदा हलव." पण तिने मला ते शब्दांत कधी सांगितलं नाही, आणि मी वीस वर्षं स्वयंपाक करून ते कधी नीट ऐकलं नव्हतं. लेकीने डोळे मिटले होते. तिच्या ओठांची हालचाल होत होती, ती तो आवाज तोंडाने काढून बघत होती. त्या क्षणी मला वाटलं, आणलं ते फार बरं केलं.

मग भडका आला. तव्यात काहीतरी परतता परतता शेफनी बाटलीतली रम ओतली, तवा तिरका केला, आणि हातभर उंच पिवळी-निळी ज्वाळा उठली. संगीत एकदम वाढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. "घरी करायचं नाही बरं का मुलांनो," हे वाक्य त्या टाळ्यांत वाहून गेलं. रमचं मला एवढं काही वाटलं नाही, दारू घरात नसली तरी पोरांना माहीत असते. मला लागलं ते हे, की ज्वाळा उठली आणि टाळ्या पडल्या. महाराजांच्या चुलीवर तेल पेटलं असतं तर सगळे धावले असते. इथे आग म्हणजे आनंदाची गोष्ट होती, आणि तिची धग कुणाच्याच गालाला लागत नव्हती.

शेवटी धुराची बिस्किटं.

स्टीलची एक मोठी बरणी आणली, तिच्यातून पातेल्यात काहीतरी ओतलं, आणि पांढरा दाट धूर मंचाच्या कडेवरून पहिल्या रांगेच्या पायांत उतरला. फार देखणं दिसलं ते, खोटं कशाला सांगू. मग शेफ म्हणाले, "पाच छोटे ड्रॅगन पाहिजेत मला. कोण येतंय वर?" सगळ्या सभागृहात हात वर झाले. माझ्या शेजारचाही. आणि मी तो पकडून खाली ओढला.

जोरात ओढला. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उमटले होते, घरी आल्यावर दिसले. तिने माझ्याकडे पाहिलं ते मला आयुष्यभर पुरेल. तिची मैत्रीण वर गेली. पाच मुलं एका ओळीत उभी राहिली, तोंडात बिस्कीट घालून नाकातून धूर सोडू लागली, पालकांनी मोबाइल वर धरले. कुणालाही काही झालं नाही. हे मला मुद्दाम सांगायचंय, कुणालाही काहीही झालं नाही. मुलं हसत खाली उतरली. स्कूटीवर परत येताना लेक मागे बसून एक शब्द बोलली नाही, नेहमी कमरेला घट्ट धरते ते हातही त्या दिवशी सीटच्या कडीला होते.

रात्री ती झोपल्यावर मी तिच्या मनगटाला खोबरेल लावत बसले. मी का घाबरले ते तिला सांगायला हवं होतं, पण सभागृहात ते सांगता आलं नसतं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बंगळुरूला एका लग्नसमारंभात धुराचं पान खाल्लेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या जठराला भोक पडलं होतं, शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच सुमाराला दावणगेरेच्या प्रदर्शनात धुराचं बिस्कीट खाऊन कळवळणाऱ्या मुलाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता आणि तमिळनाडूच्या अन्नसुरक्षा विभागाने यावर कडक सूचना काढल्या होत्या. बरणीतून ओततात तो द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो. त्याचा थेंब पूर्ण उडून गेल्यावर राहिलेलं बिस्कीट गार असतं, फारच गार असलं तर जिभेला चटका बसू शकतो. पण बिस्किटाच्या भोकात, खाचेत थोडा जरी द्रव राहिला आणि गिळला गेला, तर पोटात त्याचा वायू होतो, एकाचे सातशे भाग. जायला जागा नसते. जाणता माणूस थांबतो, हलवतो, बघतो, मगच देतो. त्या दिवशी शेफ थांबले असतील. बहुतेक थांबलेच असतील. पण मंचावर संगीत वाजत असताना, सातशे माणसं 'ड्रॅगन, ड्रॅगन' ओरडत असताना, किती सेकंद थांबावं हे कुणी कसं ठरवायचं, आणि साठ फुटांवरून मी ते कसं बघायचं?

आणि मग मला लेकीच्या प्रश्नाचं टोक सापडलं. मिरचीचा ठसका म्हणजे शरीराने घातलेली हाक असते. गरम तेलातून मिरचीचा तिखट अंश हवेत उडतो, घशाला झोंबतो, आपण खोकत मागे सरतो. डोळ्यांत पाणी येतं तेही आपल्याच भल्यासाठी. चुलीची धग गालाला लागते, पाय आपोआप मागे येतात. राखेची रेघ महाराजांनी ओढली खरी, पण ती कुठे ओढायची हे त्यांना धगीनेच सांगितलं असणार. नायट्रोजनला तसं काहीच नाही. रंग नाही, वास नाही, झोंबत नाही. आपण जो श्वास घेतो त्यातला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग तोच. तो पांढरा धूरसुद्धा त्याचा नसतो, हवेतली वाफ गारठून दिसते ती. ज्याला ठसका नाही अशी गोष्ट पोराच्या तोंडात द्यायची, आणि तीही अशा ठिकाणी जिथे मिरचीचासुद्धा ठसका पोचत नाही. माझ्या हाताने हे माझ्या आधी ओळखलं होतं. तरी वळ उमटायला नको होते.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. मी भजी तळत होते. एरवी फोडणीचा आवाज आला की ती दाराआड जायची, लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी ती दाराआड गेली नाही. पुढे आली. ओट्याला हनुवटी टेकवून तेलाकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "आई, पाणी टाकलं तर भडका होतो ना?" तिच्या हातात चमचा होता. ओला चमचा. मी गॅस बंद केला. या वेळी तिचा हात ओढला नाही, चमचा मागितला आणि तिने दिला. मग खाली जमिनीवर बसून तिला सांगितलं, गरम तेलात पाणी गेलं की ते तळाशी जाऊन एका क्षणात वाफ होतं आणि तेलाला घेऊन वर उडतं. तिने विचारलं, "मग ते टाळ्या का वाजवत होते?" मी म्हटलं, त्यांना ते लांबून सुंदर दिसत होतं. ती म्हणाली, "मला पण."

तेव्हापासून मी तिला जिथे हात लावता येईल तिथे घेऊन जाते. आमच्या घराकडून बाजाराच्या रस्त्याला एक बाई संध्याकाळी लांब पोळ्या करतात. उलटं मातीचं मडकं, खाली लाकडाची आग. कणीक इतकी सैल की परातीत ती वाहते, मळून, आपटून, पुन्हा पाणी लावून तिला असा ताण येतो की ती तुटत नाही. गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवतात आणि एका झटक्यात मडक्यावर पांघरतात. लेक तिथे अर्धा तास उभी राहते. धूर डोळ्यांत जातो, ती बाजू बदलते, वारा फिरला की पुन्हा बदलते. एकदा त्या बाईंनी न बोलता तिच्या तळहातावर लिंबाएवढी कणीक ठेवली. ती बोटांतून ओघळली, मनगटावरून खाली आली, कोपरापर्यंत गेली, लेक ओरडायला लागली, "पडतेय, पडतेय!" बाई म्हणाल्या, "पडू देऊ नको. हलव. हात थांबला की पडते." घरी येईपर्यंत ती कणीक तिने पडू दिली नाही. स्कूटीवर एका हाताने मला धरून, दुसरा हात हवेत फिरवत.

आता तेच शेफ परत येत आहेत. या वेळी नवा कार्यक्रम, नवी पोस्टर्स, शाळेच्या फाटकासमोरच लावलेलं. ती नऊ वर्षांची झाली आहे. "जायचं का?" असं तिने एकदाच विचारलं आणि मग विषय काढला नाही, त्यावरून मला कळलं की तिला फार जायचं आहे. तिला तो कांद्याचा आवाज पुन्हा ऐकायचा आहे. रोज माझ्या कढईशी कान लावून म्हणते, "अजून पाणी आहे." बरोबर असतं तिचं. हे तिला त्या सभागृहाने दिलं, मी नाही दिलं, हे मी कसं नाकारू. सहाच्या आतल्या पोराला कुणी नेत असेल तर मी सरळ नको म्हणेन, अडीच तास त्या काळोखात आणि त्या आवाजात ती पेंगतात आणि रडतात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण नऊ वर्षांच्या, कान असलेल्या मुलीला नको म्हणायला माझी जीभ वळत नाही.

म्हणून मी परत फोन केला. या वेळी विचारायचं काय ते मला माहीत होतं. नायट्रोजन आहे का? मुलांना वर बोलावणार का? बोलावलं तर खायला देण्याआधी कोण बघणार? पलीकडे आता दुसरी कुणी मुलगी होती. तिने सगळं लिहून घेतलं, "विचारून सांगते ताई," म्हणाली. तिच्या आवाजात कंटाळा नव्हता, उलट शेवटी तिने हळूच विचारलं, "खरंच धोका असतो का त्यात? माझा भाचा येणारे." मी सांगितलं तिला. दोन दिवस झाले, अजून फोन आलेला नाही. दोन तिकिटं मी बाजूला ठेवायला सांगितली आहेत, पैसे भरलेले नाहीत.

काल रविवार. वांग्याची भाजी होती. लेक म्हणाली, फोडणी मी घालणार. मी ओट्यासमोर लाकडी पाट ठेवला, तिच्या केसांची वेणी घट्ट बांधली, बाह्या वर सरकवल्या. गॅसपासून फरशीची तिसरी फट, तिथे मी उभी. तेल तापलं. तिने मोहरीचा एकच दाणा टाकून पाहिला, तो लगेच तडतडला नाही, ती थांबली. दुसरा टाकला. मग मोहरी, मग हिंग. आणि मिरच्यांची वाटी हातात घेऊन ती एकदम मागे वळली. मी तिला महाराजांची गोष्ट शंभरदा सांगितली आहे.

"डोये मिटा हो आबा, मिरची चालली!"

बाहेरच्या खोलीतून पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. मिरच्या पडल्या, धूर सरळ माझ्या तोंडावर आला, मी खोकले, ती खोकली, एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने तिने वांगी टाकली आणि झाकण ठेवलं. बाहेर वडील खोकत होते, खूप वेळ, अगदी मनापासून.

"लागला?" तिने पाटावरूनच ओरडून विचारलं.

"लागला गं बाई," ते म्हणाले.